उतावळा नवरा आणि विहिरीवरचा नंबर

होळी पेटली की आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोलायला दोनच विषय उरतात. एक पाण्याचा, दुसरा लग्नाचा. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला गेलेली माणसे शिमग्याला गावी येतात. कुणाच्या पोरीला कुणाचे स्थळ, कुणाचे लग्न उरकायचे राहिले, याच्या गप्पा ओट्यावर रंगतात. आणि त्याच वेळेला विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणजे मांडवाची मेढ रोवायची आणि पाहुण्यांना पाणी कुठून आणायचे याची काळजी करायची, ही दोन्ही कामे आमच्याकडे एकाच महिन्यात येतात.

परवा असाच एका ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो होतो. एक पोरगा आला. केसाला तेल, खिशाला पेन, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाला, "भाऊसाहेब, लग्नाची नोंद करायची." भाऊसाहेबांनी दाखला पाहिला, बोटे मोजली आणि शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, पोरगी एकोणीसची आहे, तिचे ठीक. पण तू वीसचा. कायद्यानं तूच अजून बालक आहेस!" ओट्यावरची माणसे पोट धरून हसली. पोरगा लाजून निघून गेला. मी मात्र हसलो नाही. कारण बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी त्या पोराच्या जागी मीच उभा होतो. म्हणून म्हटले, आज जरा आपलीच फजिती सांगावी. पीकपाण्यावर तर आपण नेहमीच लिहितो.

एक पॅन्ट, दोन वह्या

साल १९९२. बारावी पास झालो आणि जव्हारच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातले. गाव मोखाडा तालुक्यातले. घरी डोंगरउताराची जमीन, त्यात नागली, वरई आणि खालच्या अंगाला थोडा भात. बा म्हणाला, "शिक. नाहीतर नांगर आहेच." एवढेच त्याचे भाषण. मी वसतिगृहात राहायला लागलो. माझ्याकडे कॉलेजची म्हणून एकच पॅन्ट होती. ती शनिवारी धुवायची आणि रविवारी वाळवायची. जव्हारला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टात रविवारी पॅन्ट वाळत नसे. मग सोमवारचा पहिला तास मी ओल्या पॅन्टीत उभ्याने काढत असे. सरांना वाटे पोरगा फार नम्र आहे.

जव्हार म्हणजे आमच्यासाठी शहरच. मुकणे राजांचे संस्थान, जयविलास राजवाडा, १९१८ साली स्थापन झालेली नगरपालिका, बाजारपेठ, एस.टी.चा डेपो. डोंगरावरचे गाव, हवा थंड. मुंबईची माणसे आता सहलीला येतात, आम्ही मात्र बाजारला आणि दवाखान्याला यायचो.

आणि कॉलेजात ती होती. नाव सांगत नाही, कारण हा लेख ती वाचणार आहे. मुलींच्या पहिल्या बाकावर बसायची. जव्हार-मोखाडा रस्त्यापासून आत असलेल्या एका पाड्यावरून रोज एस.टी.ने यायची. केसाला खोबरेल, दोन वेण्या, अक्षर मोत्यासारखे. पण माझे लक्ष गेले ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या तासाला ती डुलक्या घ्यायची. सर इतिहास शिकवताहेत, आणि हिची मान हळूहळू वहीकडे झुकते आहे. मग दचकून जागी व्हायची आणि इकडेतिकडे बघायची. एकदा अशी दचकली आणि तिची नजर नेमकी माझ्यावर पडली.

झाले! मी हिशेब मांडला. पोरीला रात्री झोप येत नाही. का येत नाही? कुणाचा तरी विचार असणार. कुणाचा? जागी झाल्यावर पहिले कुणाकडे बघितले? माझ्याकडे. वसतिगृहातल्या दोस्तांपुढे हा हिशेब ठेवला. सगळ्यांनी तो मंजूर केला. गणितात नापास झालेली पोरे हिशेब असाच मंजूर करतात.

कबुतर नाही, कोंबडी आहे

त्या काळी मोबाइल नव्हता, हे आताच्या पोरांना सांगावे लागते. चिठ्ठी हाच मार्ग. १९८९ साली 'मैंने प्यार किया' आला होता, त्यात कबुतर चिठ्ठी नेते. आमच्या एका दोस्ताने तो व्हिडिओवर तीनदा पाहिला होता. तो म्हणाला, "कबुतर बघ." मी म्हणालो, "आमच्या गावात कोंबड्या आहेत." यावर बराच विचार झाला आणि कोंबडी चिठ्ठी घेऊन जाण्याआधी कुणीतरी तिचा रस्सा करील, असे ठरले.

शेवटी चिठ्ठी इतिहासाच्या वहीत घालून, "नोट्स उतरवून घे" असे सांगून वही तिला द्यायची, असा बेत झाला. दोन रात्री जागून चिठ्ठी लिहिली. चंद्र, तारे, दाभोशाचा धबधबा, सगळे तिच्यात आणले. वही दिली. तीन दिवस जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी वही परत आली. चिठ्ठी आतच होती. धडधडत्या छातीने उघडली. लाल शाईने अकरा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते आणि खाली लिहिले होते, "आशय ठीक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे."

मी खचलो. पण दोस्त म्हणाले, "आशय ठीक म्हणाली ना? मग झाले तर!"

उत्साहाच्या भरात मी तिला सनसेट पॉइंटला येतेस का, असे विचारले. वाटले, सूर्य बुडताना काहीतरी बोलता येईल. ती म्हणाली, "सूर्य बुडेपर्यंत थांबले तर माझी शेवटची गाडी बुडेल. मग तू मला उचलून नेणार काय पाड्यावर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे वजन तेव्हा बेचाळीस किलो होते.

एस.टी.तली फजिती

मग ठरवले की ती येत नाही तर आपण तिच्या गाडीने जायचे. एका शनिवारी मोखाड्याच्या गाडीत चढलो. ती पुढे बायकांत बसली होती, मी मागे दांडीला लटकलो. माझा पास नव्हता, खिशात मोजके पैसे. कंडक्टर मास्तर आले. "कुठं?" मला तिच्या थांब्याचे नाव माहीत नव्हते! मी म्हणालो, "ह्या पुढच्या." "पुढच्या म्हणजे कुठल्या? रस्ताभर पुढचंच आहे सगळं." गाडीतली माणसे वळून बघायला लागली. घाईने मी एका गावाचे नाव घेतले. मास्तर म्हणाले, "ते मागं गेलं." मग दुसरे घेतले. एक म्हातारी म्हणाली, "त्या गावात तुझं कोण रं?" मी म्हणालो, "मावशी." "नाव काय मावशीचं? मी तिथलीच हाय."

पुढचे सांगण्यासारखे नाही. मास्तरांनी मला त्या गावाच्या फाट्यावर उतरवले. ती खिडकीतून बघत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. परतीची गाडी नव्हती. जव्हारपर्यंत अंधारात चालत आलो. वसतिगृहात पोचलो तेव्हा जेवण संपले होते आणि भांडीसुद्धा घासून झाली होती.

आता दिवस बदलले. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. आम्ही दोघे कुठे निघालो की माझे पूर्ण आणि तिचे अर्धे. ती म्हणते, "त्या दिवसाचा दंड तू अजून भरतो आहेस."

मुखवट्याआड कोण?

फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे बोहाडा असतो. जगदंबेचा उत्सव. रात्रभर देवांची, राक्षसांची सोंगे निघतात. संबळ वाजते, सनई वाजते, मशालीच्या उजेडात मुखवटे घालून माणसे नाचतात. मोखाड्याकडचा बोहाडा बघायला दूरदूरची माणसे येतात. तिच्या घरची मंडळी आमच्या बोहाड्याला येणार, असे कानावर आले. मी हट्टाने एक सोंग मागून घेतले. मुखवटा जड, आत घाम, श्वास कोंडतो, डोळ्यांच्या भोकातून अर्धे जग दिसते. पण नाचलो, जीव तोडून नाचलो.

सोमवारी कॉलेजात ती म्हणाली, "तुमच्या बोहाड्यात एक सोंग फार छान नाचलं. कोण होता रे तो?" मी छाती फुगवून सांगणार, तेवढ्यात तिने वर्णन केले. ते सोंग माझ्या चुलतभावाचे होते. "आणि तो दुसरा एक पडला ना धडपडून, त्याला फार लागलं का?" तो मी होतो.

मुखवटा घालून माणूस गाजवायला जातो, तेव्हा मुखवट्याआड कोण आहे हे कुणाला दिसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

डुलकीचे खरे कारण

एप्रिल १९९३. परीक्षा तोंडावर. ती चार दिवस कॉलेजात आली नाही. मी पुस्तके घेऊन तिच्या पाड्यावर जायचे ठरवले. या वेळी थांब्याचे नाव पाठ केले होते. पण गाडी उशिरा मिळाली, फाट्यावरून चालत पोचलो तेव्हा रात्र झाली होती. पाड्यावर सामसूम. एका म्हाताऱ्या बाबांना विचारले. ते म्हणाले, "पोरी विहिरीवर हायेत."

विहिरीवर गेलो. चांदणे होते. विहिरीभोवती हंडे, कळश्या, डबे ओळीने लावलेले, आणि त्या ओळीच्या कडेला बायका-पोरी. कोणी बसलेली, कोणी हंड्याला टेकून झोपलेली. विहिरीत पाणी नव्हतेच. तळाच्या खडकातून झिरपायचे, वाटीवाटीने साठायचे. एक पोरगी आत उतरून करवंटीने डबा भरायची, वरची ओढून घ्यायची. एक हंडा भरायला बराच वेळ लागे. मग पुढचा नंबर. तिचा नंबर पहाटेकडे येणार होता. ती तिथेच, मातीत, कंदिलाच्या उजेडात इतिहासाचे पुस्तक उघडून बसली होती. आणि डुलकी घेत होती.

मंडळी, त्या क्षणी माझा सगळा हिशेब विहिरीत पडला. पोर रात्रभर जागत होती हे खरे. पण माझ्या विचाराने नाही, पाण्याच्या नंबराने. पहाटे पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या आणि सकाळची गाडी धरून पहिल्या तासाला यायचे. आणि मी त्या डुलकीवर प्रेमपत्रे लिहीत होतो.

माझ्या तोंडून काही निघेना. म्हणालो, "आज तुझा हंडा मी नेतो." बायका जाग्या झाल्या. "अगं बघा, गडी पाणी नेणार!" एकीने चुंबळ दिली, दुसरीने हंडा डोक्यावर चढवला. विहीर खाली, पाडा वर, वाट खडकाळ. दहा पावले गेलो तर मानेत कळ. वीस पावलांवर पाणी डोळ्यांत. पन्नास पावलांवर पाय घसरला आणि हंडा गडगडत खाली. रात्रभराचे पाणी मातीत गेले.

कुणी हसले नाही. हे मला अजून आठवते. एस.टी.त हसल्या, बोहाड्यात हसल्या, पण सांडलेल्या पाण्याला कुणी हसले नाही. तिने रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा ओळीच्या शेवटी ठेवला. मी तिच्यासोबत सकाळपर्यंत बसलो. त्या रात्री आम्ही इतिहासाचे दोन धडे वाचले. प्रेमाचा शब्दही बोललो नाही. पण माझ्या मते, जमले ते तिथेच.

गंमत बघा, मुंबईला पाणी देणारी वैतरणा आमच्याच डोंगरांतून जाते. मोडक सागर, अप्पर वैतरणा ही धरणे तेव्हाही भरत होती. आणि धरणाच्या शेजारच्या पाड्यावरची पोर करवंटीने हंडा भरत होती.

"तूच बालक आहेस!"

मे महिन्यात बातमी आली की तिच्यासाठी स्थळ बघताहेत. मग काय, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! मी घरी जाऊन सांगितले, "मला लग्न करायचं. ह्याच महिन्यात." आई रडायला लागली, बा गप्प. मी तडक ग्रामसेवकांकडे गेलो, कायदा विचारायला. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी विचारले, "पोरीचं वय?" "अठरा पुरं." "तुझं?" "एकोणीस." ते म्हणाले, "१९७८ च्या दुरुस्तीनं मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस लागतात. पोरगी सज्ञान आहे. बालविवाह व्हायचाच असेल तर तो तुझा होईल!"

गावात आठ दिवस मला सगळे 'बालक' म्हणत होते.

मी आज्याकडे गेलो. वाटले, म्हातारा आपल्या बाजूने बोलेल. आमच्यात कागदापेक्षा रीत मोठी, असे तो नेहमी म्हणायचा. आजा मूळचा डहाणू तालुक्यातला. अंगणात बसून तंबाखू मळत होता. मी म्हणालो, "आज्या, कायद्याचं जाऊ दे. सावकाराकडून पैसे उचलू, मांडव घालू, मग मी फेडीन."

आज्याने तंबाखू खाली ठेवली. म्हणाला, "मी लग्नगडी होतो. ठाऊक हाय तुला?"

मला ठाऊक नव्हते. घरात तो शब्द कुणी काढत नसे. मग त्याने सांगितले. लग्नाला पैसा नव्हता. जमीनदाराने भात दिले, थोडे रोख दिले. त्याबदल्यात आजा त्याचा गडी झाला. एका वर्षाचा नाही, दोन वर्षांचा नाही. फिटेपर्यंत. आणि ते कधी फिटत नसे. नवरा राबायचा, नवऱ्यापाठी बायको राबायची, पोर झाले की तेही गुरे वळायला तिथेच. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असे लग्नगडी पुष्कळ होते. लग्नाच्या हळदीसोबतच माणूस गहाण पडायचा.

१९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेच्या वतीने ती चळवळ उभी केली. वेठबिगार करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळे लिहून ठेवले. आजा म्हणाला, "बाई पाड्यावर आल्या तवा आम्ही घाबरून रानात पळालो होतो. मग हळूहळू कळलं. मालकाच्या दारात जायचं बंद केलं, त्या दिवशी तुझी आजी पहिल्यांदा माझ्यासाठी भाकर थापाय मोकळी झाली. लग्न होऊन चार वर्सं झाली होती तवा."

थोडा वेळ थांबून म्हणाला, "मी एका मांडवापायी जिंदगी गहाण टाकली. तुला कुणी जबरी करत नाही, तरी तू आपल्या पायानं चाललास सावकाराकडं. कालेजात हेच शिकवतात काय?"

मी खाली मान घालून उठलो.

वावर-वांगणीचे वर्ष

आणखी एक गोष्ट त्याच काळातली. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने आणि आजाराने शंभरावर बालके दगावली. सगळ्या देशाचे लक्ष जव्हारकडे वळले. मंत्री आले, मोटारींच्या रांगा लागल्या. आम्ही कॉलेजची पोरे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होतो. तेव्हा आम्हाला वाटे, हे धान्याचे, औषधाचे काम आहे. आपला काय संबंध?

संबंध तिने सांगितला. ती म्हणाली, "माझी मैत्रीण पंधराव्या वर्षी दिली. सोळाव्या वर्षी बाळंत झाली. ती स्वतःच अजून पोर, अंगात रक्त नाही, त्यात भट्टीवर विटा वाहिल्या. बाळ हाताच्या ओंजळीएवढं झालं. राहिलं नाही." मग म्हणाली, "मला घाई नाही. मी बी.ए. होणार. तुला थांबायचं असेल तर थांब."

मी म्हणालो, "थांबतो."

"आणि लग्नानंतर पाणी तू भरायचं. हंडा न सांडता."

ही अट मी मान्य केली. तिच्या घरच्यांना तिने स्वतः सांगितले. तिचा बा कडक माणूस. तो म्हणाला, "पोरगा कोण?" तिने सांगितले. तो आठवू लागला, "तोच काय, बोहाड्यात पडला तो?"

कर्जाशिवाय मांडव

१९९५ साली दोघेही बी.ए. झालो. ती पुढे अंगणवाडी सेविका झाली. १९९६ च्या मे महिन्यात लग्न झाले. आमच्या रीतीने झाले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला, मध्ये पालघट देवी. धवलेरीने गाणी म्हटली, तिनेच लग्न लावले. वारली समाजात लग्न लावायचा मान बाईचा असतो, हे बाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसते. ही चौकाची कला जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्यासाठी तो चौक म्हणजे लग्नच. चौक नाही तर लग्न नाही.

सावकाराचा एक पैसा घेतला नाही. गावाने शिधा जमवला. कुणी तांदूळ दिले, कुणी डाळ, कुणी लाकूडफाटा. देजाचा आकडा तिच्या बापाने स्वतःच नावापुरता ठेवला. मांडवात आजा काठी टेकून बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "कुणाचं देणं नाही ना?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा कुठे तो तारप्याच्या तालावर दोन पावले नाचला.

फजितीशिवाय माझे काही पार पडत नाही, तसे तिथेही झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे अट पाळायला मी हंडा घेऊन निघालो. सासरकडच्या पाहुण्या बाया बघायला जमल्या. हंडा सांडला नाही. पण घाईत मी दुसऱ्याचाच हंडा उचलून आणला होता.

थोडे कामाचे

आता वाचकहो, हसून झाले असेल तर थोडे कामाचे बोलू.

आमच्याकडे पुष्कळ जोडपी लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून लग्न न लावताच एकत्र राहतात. पोरेबाळे होतात, आणि पुढे कधी पैसा जमला की मांडव पडतो. कधीकधी बापाचे आणि पोराचे लग्न एकाच मांडवात लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, समाजाने ती वाट गरिबीतून काढली आहे. पण कागदावर नाव नसले की रेशनकार्डाला, वारसाला, योजनेच्या अर्जाला बाईचे अडते. म्हणून मांडव लहान घाला, पण नोंद करा. १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंद गावातच होते. वयाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि तीन साक्षीदार घेऊन लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जावे.

दुसरी गोष्ट वयाची. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आदिवासींनाही लागू आहे. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. तो मोडला तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारा अशा सगळ्यांवर ते येऊ शकते. गावात ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्यक. मुलांच्या मदतीचा फोन १०९८. मांडव पडल्यावर धावण्यापेक्षा, स्थळ बघताना दोन शब्द बोलले तर पुष्कळ काम होते. मला त्या ग्रामसेवकांनी हसत हसत सांगितले, म्हणून मी ऐकले. दटावले असते तर पळून गेलो असतो.

तिसरी गोष्ट कर्जाची. लग्नगडी कायद्याने गेले, १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदाही झाला. पण आता मांडवात डी.जे. आला, मोठमोठे फलक आले. हळदीच्या एका रात्रीसाठी भट्टीवाल्याकडून उचल घेतली की नवरा-नवरी मेहंदी उतरायच्या आत विटा थापायला निघतात. नाव बदलले, बाकी काय बदलले? हा प्रश्न माझा नाही, आज्याचा आहे. तो आता नाही, म्हणून मी विचारतो.

आणि चौथी गोष्ट पाण्याची. पाड्यापाड्यावर नळाचे पाइप आले, तरी उन्हाळ्यात मोखाड्यात अजून टँकर येतात. तुमच्या पोरीला वर्गात डुलकी येत असेल, तर ती अभ्यासात कच्ची आहे असे समजू नका. रात्री विहिरीवर तिचा नंबर कितवा होता, ते आधी विचारा. सरपंचांनी आणि गुरुजींनीही विचारावे.

आमचे म्हणाल तर ठीक चालले आहे. घराशेजारच्या तुकड्यात मोगरा लावला आहे. पहाटे उठून दोघे कळ्या खुडतो, ऊन चढायच्या आत पाटी भरून गाडीला देतो, माल दादरला जातो. ती कधी म्हणते, "एवढा मोगरा पिकवतोस, पण मला कधी गजरा दिला नाहीस." मी म्हणतो, "आज दादरला भाव चांगला आहे. उद्या बघू."

हा लेख लिहून झाल्यावर तिला वाचायला दिला. तिने चष्मा लावला, लाल पेन घेतले. परत आला तेव्हा सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते. खाली नेहमीचाच शेरा होता, "आशय ठीक."

अकराचे सात झाले. तीस वर्षांत एवढी प्रगती पुष्कळ झाली.